कमल अडतीस

आमचे भाऊ आईच्या एका प्रश्नाचं उत्तर लॅपटॉपमध्ये ठेवून वारले.

भाऊ म्हणजे आमचे वडील. लातूरला बसस्थानकामागच्या गल्लीत, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, त्यांनी एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. आणि आईचा प्रश्न त्या क्लासपेक्षाही जुना. पन्नास वर्षांपूर्वी भाऊ देगलूरला मुलगी बघायला गेले, तेव्हा त्या घरात लग्नाच्या दोन मुली होत्या. एक आमची आई, कमल. दुसरी तिची चुलतबहीण, सुमन. मुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला दोघींनी मिळून केला, चहा घेऊन दोघी बाहेर आल्या आणि हा कार्यक्रम दोघींपैकी नेमका कुणाचा, हे आजोबांनी पाहुण्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. (जी पसंत पडेल ती, असा त्यांचा रोखठोक विचार. मी त्यांच्यावरच गेले आहे.) आठ दिवसांनी भाऊंचं कार्ड आलं. त्यावर फक्त एवढंच होतं, 'मुलगी पसंत आहे.' कोणती, ते नाही. आजोबांनी थोरलीचा नंबर आधी म्हणून आईला बोहल्यावर उभं केलं आणि विषय संपवला.

आईच्या दृष्टीनं विषय संपला नव्हता.

"तुम्हाला मी पसंत पडले होते का सुमन?" असं तिनं भाऊंना पन्नास वर्षांत किती वेळा विचारलं असेल, सांगता येत नाही. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "आता त्याचं काय?" हजारभर पोरापोरींना सरकारी नोकरीला लावणारा हुशार माणूस बायकोला असं उत्तर देत होता, आणि वर त्याला जेवायलाही मिळत होतं.

क्लास बंद झाला तेव्हा माझा भाऊ मिलिंद, जो पाटबंधारे खात्यात आहे, त्यानं स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना भाऊंना दिला. भाऊ त्यावर रोज दुपारी स्वतःच्या आठवणींचं एक पान टाइप करायचे आणि चार वाजता चहा झाला की आईला वाचून दाखवायचे. आईला त्यातलं सगळं माहीत असायचं, तरी ती ऐकायची. भाऊंचं बालपणच आठ महिने चाललं. देगलूरला पोचायला त्यांनी पुरती तीन वर्षं घेतली. शेवटी ते पान आलं. 'दोघी चहा घेऊन बाहेर आल्या' इथपर्यंत भाऊंनी वाचलं, घसा खाकरला आणि झाकण मिटलं.

"पुढं?" आई म्हणाली.

"राहिलेलं उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी काढून ठेवून ते खुर्चीत टेकले, ते टेकलेच. मी नांदेडहून साडेतीन तासांत पोचले. मी नांदेडला एका दवाखान्यात परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डाची मुख्य नर्स. पंचवीस वर्षांत मी खूप माणसं गेलेली पाहिली आहेत. त्या दिवशीही मी सगळं रीतसर केलं, सगळ्यांना पाणी पाजलं, कागदपत्रं गोळा केली. फक्त पुढच्या खोलीत जायचं टाळलं, कारण तिथं फार शांत होतं. लहानपणी दुपारी त्या खोलीत वीस मशिनी एकदम चालायच्या आणि त्या आवाजात मला गाढ झोप लागायची. आजही दुपारची झोप मला येत नाही. शांततेचा त्रास होतो.

आई वर्षभर लॅपटॉपबद्दल एक शब्द बोलली नाही. त्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवला होता, टीव्हीवर टाकतात तसा. मग भाऊंच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला दहा दिवस राहिले असताना तिचा फोन आला.

"रत्ना, ते ह्यांचं डबडं उघडायला येतं का तुला?"

"का गं?"

"काही न्हाई. धूळ बसून राहिली."

धूळ म्हटलं की मी निघते, हे तिला माहीत आहे. मी लातूरला गेले की आधी पदर खोचते आणि घर धुऊन काढते. पंख्याची पाती, स्विचची बटणं, देवळीतल्या बरण्या, मिलिंदचे बूट. मिलिंद म्हणतो, ताई आली की आम्ही जागेवर उभे राहत नाही, आम्हालाही धुवेल. या खेपेस मी फडकं हातात घेतलं तर आईनं ते काढून घेतलं.

"धूळ राहू दे. बस इथं. पुढच्या रविवारी भंतेजी येणार, सगळे येणार. देगलूरहून सुमन येणार."

"मग?"

"मग मला तिच्यासमोर बसायचंय. मला आधी कळलं पाहिजे."

"आई, तू पंच्याहत्तर वर्षांची आहेस."

"वयानं काही न्हाई होत. ती बी त्र्याहत्तरची हाय."

"आणि समजा, सुमनमावशी निघाली तर?"

आईनं थोडा विचार केला. "तर तिला गोड वाढणार न्हाई."

पासवर्ड शोधणं अवघड नव्हतं. भाऊंच्या डायरीत मागच्या पानावर गॅसचा नंबर, मीटरचा नंबर आणि त्याखाली टाकानं लिहावं अशा अक्षरात लॅपटॉपचा पासवर्ड लिहिलेला होता. इंग्रजी लहान अक्षरांत आईचं नाव, कमल, आणि पुढे आकडा, अडतीस.

"अडतीस कशाचे?" मिलिंदनं विचारलं.

आई एकदम लाजली. पंच्याहत्तराव्या वर्षी माणूस लाजलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "लग्नातलं वजन माझं. काकाच्या अडतीत तुरीच्या काट्यावर उभं केलं होतं मला. ह्यांना कुणी सांगितलं काय माहीत."

मी चष्मा लावला, एकेक बटण नीट बघून दाबलं, सात बटणं, सात ठिपके. लॅपटॉप म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे.

मी पुन्हा दाबलं. चूक. जोर लावून दाबलं. चूक. मिलिंद म्हणाला, "सरक, तू इंजेक्शन दिल्यासारखं दाबतीस." त्यानं सावकाश, दोन बोटांनी, प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणत दाबलं. चूक. मोठ्या अक्षरांचं बटण चालू आहे का ते पाहिलं. नव्हतं. लॅपटॉप बंद केला, चालू केला, फुंकर मारली, थोडा वेळ सावलीत ठेवला. (हे मी सुचवलं. वॉर्डात मशीन अडलं की आम्ही तेच करतो आणि निम्म्या वेळा चालतं.) चूक.

"बदलला असंल," आई म्हणाली.

"भाऊ कशाला बदलतील? डायरीत लिहून ठेवलाय की," मिलिंद म्हणाला.

आईनं डायरी मिटून ठेवली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "सुमन टाकून बघ."

"आई, काहीतरीच काय."

"टाक म्हणलं न."

मी सुमन टाकलं. लॅपटॉप म्हणाला, चूक. आईचा चेहरा जरा सैल झाला, पण ती पुरती खात्री करणाऱ्यातली आहे. "पुढं आकडा लागत असंल."

"अडतीस लावू?"

"ती अडतीस कधी होती? पंचेचाळीस लाव."

सुमन पंचेचाळीसही चूक निघालं. त्या दिवशी आईनं अर्धी भाकरी जास्त खाल्ली. लॅपटॉप काही उघडला नाही.

मिलिंदनं मग न विचारता घरच्या ग्रुपवर टाकलं, 'भाऊंचा पासवर्ड कुणाला माहीत आहे का?' हे म्हणजे गावात दवंडी देण्यासारखं झालं. माहूरच्या आत्यानं लिहिलं, एक दोन तीन चार टाका, आमचा तोच आहे. (आता तो साऱ्या खानदानाला माहीत झाला.) धर्माबादच्या भाच्यानं सतरा पासवर्ड पाठवले, त्यातले नऊ त्याच्या आवडत्या क्रिकेटपटूंचे होते. भाऊंनी आयुष्यात क्रिकेट पाहिलं नाही. मी यादी करून एकेक टाकत गेले आणि समोर फुली मारत गेले. शेवटी देगलूरहून खुद्द सुमनमावशीचा बोललेला निरोप आला, "कमलअक्काला विचारा की. भावजींचं सगळं तिच्याच पोटात असतं."

आईनं तो निरोप तीन वेळा ऐकला.

"बघ कशी बोलली. काही माहीत न्हाई असं बोलून राहिली."

"तिला खरंच माहीत नसेल."

"मग एवढं गोड कशाला बोलली?"

मी लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला आणि नांदेडला न्यायचं ठरवलं, कारण तिथं माझ्या ओळखीचे इम्रानभाई आहेत. वॉर्डातला संगणक बिघडला की तेच येतात. एसटीत मी तो मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं टॉवेलकडे पाहून विचारलं, "किती महिन्यांचं?" मी म्हणाले, "बारा वर्षांचा आहे." ती पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसली.

इम्रानभाईंनी डायरीतलं पान पाहिलं आणि कीबोर्डवर दोन बोटांनी, खाली मान घालून, विजेच्या वेगानं पासवर्ड मारला. चूक. पुन्हा मारला. चूक.

"आपा, पासवर्ड गलत हाय. वालिदसाहेबांनी बदलून टाकला असणार."

"ते बदलणार नाहीत. त्यांनी बनियनचं दुकानसुद्धा चाळीस वर्षं बदललेलं नव्हतं."

"मग दोन रस्ते हाय. एक, सगळं पुसून नवं टाकतो. आता करतो, अर्ध्या तासात."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल."

"दुसरा रस्ता सांगा."

त्यांनी लॅपटॉप कानाला लावला, डॉक्टर छाती तपासतात तसा. "दुसरा म्हणजे आतली डिस्क काढून माझ्या मशीनला लावायची आणि फायली उचलायच्या. पण ही जुनी झाली, करकर करून राहिली. काढता-लावता निघाली तर निघाली. न्हाई तर खतम. नंतर माझ्यावर नाराज होऊ नका. ह्याच्यावर तेवढी सही करा."

त्यांनी एक छापील कागद पुढे केला. काम करताना माहिती नष्ट झाल्यास दुकानदार जबाबदार नाही, याची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

आता, असे कागद मी आयुष्यभर लोकांपुढे धरत आले आहे. ऑपरेशनच्या आधी नातेवाईक पेन हातात घेऊन थांबतात, इकडे तिकडे बघतात, घरी फोन लावतात. तेव्हा मी म्हणते, "अहो, नुसती पद्धत असते, करा सही, वेळ जातोय." माझ्या तोंडून हे वाक्य किती वेळा गेलं असेल. त्या दिवशी इम्रानभाईंच्या दुकानात मी पेन हातात घेऊन उभी राहिले. त्या करकरणाऱ्या डब्यात भाऊ देगलूरच्या घरात बसले होते, हातात चहा होता, समोर दोघी उभ्या होत्या, आणि माझ्या सहीनं तो चहा कायमचा सांडला असता.

"आपा, नुसती पद्धत असते," इम्रानभाई म्हणाले. "करा सही."

मी पेन खाली ठेवलं, लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला आणि बाहेर पडले. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात नातेवाईक सहीसाठी थांबले की मी त्यांना बसायला स्टूल देते. आमच्या सिस्टरांना वाटतं, मॅडमची तब्येत बरी नाही.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन लातूरला परत आले. आईनं माझा चेहरा बघितला. तिनं लॅपटॉप पुन्हा टेबलावर ठेवला, रुमाल टाकला आणि तांदूळ निवडायला बसली. आई तांदूळ निवडते तेव्हा बोलत नाही, पण खडे ताटलीत टाकायचा आवाज वाढतो.

दुपारी अनिता आली. अनिता भाऊंची विद्यार्थिनी. आता लातूरच्या कोर्टात स्टेनो आहे, पोरं कॉलेजात आहेत, तरी आमच्या दारात आली की चपला आजही भिंतीला समांतर लावते. भाऊंची शिस्त. ती उद्याच्या कामाला मदत करायला आली होती. येताना पंचवीस ताटल्या आणल्या होत्या.

तिनं रुमालाखालचा लॅपटॉप पाहिला. "सरांचा का हो ताई हा?"

मी तिला सगळं सांगितलं. सुमनमावशीचं सोडून. ते आईनं सांगितलं.

"मी बघू एकदा?" अनिता म्हणाली.

"बघ. सगळ्या लातूर-नांदेडनं बघितलाय."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि खुर्ची पुढे ओढून ताठ बसली. डायरीतलं पान एकदा वाचलं आणि डायरी मिटून बाजूला ठेवली. मग दोन्ही हातांची बोटं कीबोर्डवर अलगद ठेवली आणि मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघायला लागली.

ती बसायची पद्धत मला चांगली माहीत आहे. भाऊंच्या क्लासचा तो एकच कायदा होता, खाली बघायचं नाही. नव्या पोरांच्या हातांवर ते पुठ्ठ्याचं खोकं ठेवायचे, म्हणजे बघायचं म्हटलं तरी दिसू नये. त्यांच्या हाताखालून हजार जण शिकून गेले आणि एक जण दोन दिवसांत पळाली. ती मी. "तुझी नजर खाली जाते," भाऊ म्हणाले होते. मी म्हणाले होते, "बटण कुठलं ते बघायला नको का?" आणि मी नर्सिंगला गेले, जिथं बघितल्याशिवाय काहीही टोचायची पद्धत नाही. भाऊ त्यावर काही बोलले नाहीत. पण क्लासमध्ये खिडकीजवळची एक मशीन त्यांनी बरीच वर्षं कुणाला दिली नाही. मी कधी विचारलं नाही का ते. विचारायला हवं होतं.

अनितानं भिंतीकडे बघत सात बटणं दाबली. टक टक टक टक टक, टक टक. एका लयीत, भाऊंसारखी.

लॅपटॉप उघडला.

सुट्टी म्हणून घरी असलेला मिलिंद उठून उभाच राहिला. आईच्या हातातला तांदूळ ताटात सांडला.

"काय टाकलंस गं?" मी विचारलं.

"तेच. कमल अडतीस."

"आम्ही आठ दिवस तेच टाकतोय!"

"तेच टाकलं ताई मी, शपथ." आणि मग ती आल्यापासून पहिल्यांदा कीबोर्डकडे बघायला खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग ओठ आत गेले, जसे हसू दाबताना जातात.

"ताई, हे एमचं बटण एनच्या जागी बसलंय. एनचं एमच्या. आणि तीन न् आठाची पण अदलाबदल झालीय. म्हणजे बघून टाकलं की चुकणारच. न बघता टाकलं की बरोबर." तिनं एक बटण बोटानं हलवून पाहिलं. "ही बटणं कुणी काढली होती का?"

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं.

मला आठवलं, आणि आठवल्यावर वाटलं नसतं आठवलं तर बरं झालं असतं. भाऊ गेले त्याच्या सहा-सात महिने आधी मी लातूरला आले होते. भाऊ लॅपटॉपपुढे बसून चिवडा खायचे. बटणांच्या फटीत शेंगदाण्याची सालं आणि तिखट बसलं होतं. ते मला बघवलं नाही. भाऊ दुपारी मित्राकडे गेले होते, तेवढ्यात मी चिमट्यानं सगळी बटणं उचकटली, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवली, जंतुनाशकातून काढली आणि गच्चीत वर्तमानपत्रावर वाळत घातली. मोबाईलमध्ये काढलेला फोटो बघून एकेक जागेवर बसवली. चष्मा खाली स्वयंपाकघरात राहिला होता. आणायला दोन जिने उतरावे लागले असते. एम आणि एन, तीन आणि आठ, चष्म्याशिवाय सारखेच दिसतात. भाऊ घरी येईपर्यंत कीबोर्ड चकचकीत.

"म्हणजे ताई," मिलिंद अगदी हळू म्हणाला, "भाऊ पुढचे सहा महिने ह्याच्यावर टाइप करत होते?"

"हो."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"ते खाली बघायचे का कधी?" अनिता म्हणाली.

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मिलिंद तर खुर्चीला धरून हसत होता. मला मात्र त्या चार बटणांवर हात ठेवून बसावंसं वाटलं. सहा महिने ते माझ्या चुकीवर बोटं ठेवत होते आणि एक अक्षर चुकत नव्हतं.

"हसणं झालं असंल तर वाचा," आई म्हणाली. तिनं ताट बाजूला सारलं होतं आणि पदर सारखा करून बसली होती, पाहुणे यायच्या आधी बसावं तशी.

फायलींना नावं होती कमल एक, कमल दोन. शेवटची फाईल मी उघडली आणि वाचायला लागले. दोन ओळी झाल्या तोच आईनं हात वर केला.

"तू नको. तू पेशंटचा कागद वाचल्यासारखं वाचतीस. अनिता, तू वाच."

अनितानं वाचलं.

'दोघी चहा घेऊन बाहेर आल्या. मी मान वर केली नाही. खाली बघतात म्हणून विद्यार्थ्यांना जन्मभर बोललो, पण त्या दिवशी मी सर्व वेळ फरशीकडे पाहत होतो. फरशी शहाबादी होती. दोन मुलींची मिळून चार पावले दिसली. तेवढ्यावरून निर्णय घेणे शक्य नव्हते. त्या आत गेल्या आणि आतून आवाज आला, "तो काही विचारीना तर मीच जाऊन विचारते, लग्नानंतर शिकू देणार का म्हणून." कुणीतरी तिला गप्प केले. मला हसू आले आणि चहा शर्टावर सांडला. घरी येऊन मी कार्ड टाकले, मुलगी पसंत आहे. म्हणजे जिचा आवाज होता ती. पण आवाज कुणाचा, हे मला ठाऊक नव्हते आणि पत्रातून विचारणे बरे दिसले नसते. लग्न झाले. कमल पहिले सहा महिने इतके कमी बोलली की मला धाकधूक वाटू लागली. पुढे बोलू लागली, तेव्हा वाटले, हीच असावी. परंतु खात्री करून घेण्याची हिंमत कधी झाली नाही. ती विचारते, मी की सुमन, तेव्हा मला घाम फुटतो, कारण उत्तर तिच्याकडेच आहे. आज एवढे वाचून झाले की तिला विचारणार आहे.'

पान तिथं संपलं होतं.

आई लॅपटॉपकडे बघत होती. आमच्याकडे नाही, लॅपटॉपकडे.

"माझाच होता की आवाज," ती त्याला म्हणाली. "सुमनला कुठं शिकायचं होतं." मग रुमालाची घडी घालत, "एवढं विचारायला काय झालतं तुम्हाला?"

मी उठून आत गेले आणि चहा टाकला. कुणी मागितला नव्हता. पाच कप झाले. आम्ही चौघंच होतो.

रविवारी भंतेजी आले, सगळे आले. सुमनमावशी पांढरी साडी नेसून, काठी टेकत आली. पंगतीत आई तिच्या ताटाजवळ खिरीचं पातेलं घेऊन उभी राहिली ती हलेचना.

"अक्का, पुरे की. शुगर हाय मला."

"खा गं," आई म्हणाली. "तुझी काही चूक न्हाई."

सुमनमावशीला काही कळलं नाही. तिनं खाल्लं. संध्याकाळी तिची शुगर मी तपासली आणि आकडा आईला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं झालं. माझी दोन दिवसांची रजा उरली होती. म्हटलं, आता तरी ती चार बटणं नीट जागेवर बसवावीत. चिमटा घेतला, या वेळी चष्मा लावला, पुढच्या खोलीत गेले. टेबलावर नुसता रुमाल. लॅपटॉप आईनं लोखंडी कपाटात ठेवला होता, साड्यांच्या खाली. कुलूप घातलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती.

"कुलूप कशाला? चोरीची भीती वाटते का?"

"न्हाई," आई म्हणाली. "तू हायेस ना अजून दोन दिवस."